वावरातल्या घरी पोहण्याचे टाके: काळ्या जमिनीत कोणता पूल टिकतो?

प्रश्न: आमचे घर मोर्शी तालुक्यात, गावाबाहेर वावरातच आहे. अंगणाला लागून दोन एकर संत्रा. मे महिन्यात पुण्याहून भाचे-पुतणे येतात, आणि वडिलांना गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितले आहे. म्हणून लहानसा स्विमिंग पूल करायचा विचार आहे. एक जण फायबरचा तयार पूल घ्या म्हणतो, गावातला मिस्त्री विटांत बांधून देतो म्हणतो, आणि मुलगा म्हणतो की खड्डा करून शेततळ्यासारखी पन्नी टाकू. जमीन काळी आहे. नेमके काय करावे?

उत्तर:

भाऊ, "जमीन काळी आहे" हे तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिले. मी तिथूनच सुरू करतो. गेली २२ वर्षे मी गुरांचे हौद, पाण्याच्या टाक्या आणि ताडोबा-पेंचकडच्या रिसॉर्टांचे पूल बांधतो आहे. दुरुस्तीसाठी जेवढे पूल पाहायला गेलो, त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी टाइल, मोटर, फिल्टर सगळे नीट होते. खाली माती कोणती आहे, तेवढे कोणी पाहिले नव्हते.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे जमिनीत पुरलेल्या भिंतीला ती चार महिने बाहेरून रेटते आणि उन्हाळ्यात तिच्यापासून सुटून लांब जाते. आत पाण्याचा दाब, मागे पोकळी. भिंत त्या हिशेबाने केलेली नसेल तर तडकणारच. सुरुवातीच्या वर्षांत दर्यापूरकडे मी एक पूल बांधला. खोदलेली माती काठावरच पडली होती, तीच भिंतीमागे परत लोटली. मुरूम दुरून आणावा लागला असता, मालकाचे दोन पैसे वाचवले असे वाटले मला. दुसऱ्या उन्हाळ्यात मालकाच्या आईचा फोन आला, "बापू, टाक्यातलं पाणी रातच्यातून कमी होते, तूच येऊन पाह्य." गेलो तर लांब भिंतीवर कोपऱ्यापासून हातभर अंतरावर उभी चीर, आणि बाहेर भिंत आणि मातीत चार बोटे फट. त्या फटीत टाकलेली काडी दिसेनाशी झाली. ती भिंत मी माझ्या खर्चाने पाडून पुन्हा बांधली. तेव्हापासून खोदलेली काळी माती मी साइटवर ठेवतच नाही, ट्रॉलीने वावरात टाकून देतो.

म्हणून फोटो आणि कोटेशन बघण्याआधी दोन गोष्टी घरच्या घरी तपासा. पहिली, माती किती फुगते. वाळलेले ढेकूळ कुटून पिठाच्या चाळणीने चाळा. दोन सारखे, उभट, सरळ काचेचे ग्लास घ्या आणि दोन्हींत सारखीच माती टाका, साधारण दोन चमचे. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून एक दिवस ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही थरांची उंची पट्टीने मोजा. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपटीहून वर गेला तर माती जोरात फुगणारी आहे असे समजा. प्रयोगशाळेत हीच चाचणी १० ग्रॅम माती घेऊन मापाच्या नळीत करतात. रॉकेल सापडणे आता कठीण झाले आहे हे मान्य, पण वाटीभरच लागते. दुसरी, मुरूम किती खाली लागतो. पूल जिथे करायचा तिथेच एक खड्डा घ्या. मोर्शीकडे हे फार बदलते. एका धुऱ्यावर तीन फुटांवर मुरूम, तर दुसऱ्या धुऱ्यावर आठ फुटांपर्यंत निव्वळ काळी.

आणि एक गोष्ट तपासायला पावसाळ्याची वाट बघावी लागेल. सप्टेंबरमध्ये, विहीर सगळ्यात भरलेली असते तेव्हा, पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते दोरी सोडून मोजून ठेवा. याचे कारण आता फायबरच्या पुलात सांगतो.

फायबरचा पूल म्हणजे कारखान्यात बनलेला एकसंध टब. येतो ट्रेलरवर, उतरवायला हायड्रा क्रेन लागते, चार-पाच दिवसांत बसतो, आतून गुळगुळीत, शेवाळ कमी धरतो. सगळे खरे आहे. पण टब हलका असतो. पाण्याची पातळी टबाच्या बुडाच्या वर आली की ते पाणी त्याला होडीसारखे उचलते. एक मीटर पाणी चढले की दर चौरस मीटरला एक टन जोर खालून लागतो. आत पाणी भरलेले असेल तोवर काही होत नाही. भंडाऱ्याकडे धानाच्या पट्ट्यात एका मालकाने ऑगस्टमध्ये साफसफाईला पूल रिकामा केला. संध्याकाळी मोटर लावली, सकाळी टब एका बाजूने दीड फूट वर आलेला, पाइप तुटलेले आणि भोवतीची फरशी उलथलेली. विकणाऱ्याने त्यांना "पावसाळ्यात रिकामा करू नका" एवढे एक वाक्य सांगितले नव्हते. तुमच्याकडे विहिरीचे पाणी सप्टेंबरातही खोल राहत असेल तर ही भीती कमी. पण टबाच्या मागे काळी माती चालत नाही, बारीक गिट्टी किंवा वाळूच भरावी लागते, तीही आत पाणी चढवत चढवत, म्हणजे दोन्हीकडचा दाब सारखा राहतो. आणि एक विचारा: तुमच्या पांदण रस्त्याने तो ट्रेलर येतो का? वीस फुटी टब वळणावरच्या बाभळीत अडकून परत गेलेला मी पाहिला आहे.

विटांचे टाके करू नका. मिस्त्री चांगला असेल, वीटही चांगली असेल, पण विटेची भिंत ओढ सहन करत नाही आणि काळी माती ओढ-रेट दोन्ही करते. दरवर्षी प्लास्टर काढा, वॉटरप्रूफिंग मारा, असे चालू राहते. गुरांच्या अडीच फुटी हौदाला वीट चालून जाते, ते वेगळे.

आता पन्नी. मुलाला हे वाक्य वाचून दाखवा: शेततळ्यात पोहायचे नाही आणि शेततळ्यासारखा खड्डा पोहायला करायचा नाही. शेततळ्याचे काठ तिरपे असतात, पन्नी ओली झाली की तिच्यावर शेवाळाचा पातळ थर येतो आणि मग त्या उतारावर पाय ठरत नाही. चांगला पोहणारा माणूसही काठाला येतो, पण चढू शकत नाही. तो दमतो आणि जातो. २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे योजना आली, त्यानंतर गावोगावी तळी झाली, आणि तळ्यात बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आपण. ज्यांची तळी आहेत त्यांनी चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आणि टायर सोडून ठेवावेत, कुंपण करावे. पोहण्यासाठी जो लायनरचा पूल येतो तो निराळा: भिंती सरळ, काँक्रीट किंवा पत्र्याच्या, आणि त्यावर पीव्हीसीचे जाड अस्तर. तो वाईट नाही. पण रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर रात्री पाणी प्यायला येऊन एकदा आत पडले की खुरांनी अस्तराचे काय होते ते सांगायला नको. कुत्र्याची नखेही पुरतात. वावरातल्या घराला मी लायनर सुचवत नाही.

लोखंडी फ्रेमचे, जमिनीवर उभे करायचे पूल ऑनलाइन मिळतात. दोन-तीन उन्हाळे बघू, मुले खरेच पोहतात का, असा विचार असेल तर तो घ्या. काही बिघडत नाही. सावलीत ठेवा, खाली जमीन सारखी करून वाळू पसरा, पावसाळ्याआधी सोडून, वाळवून, उंदीर लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. फक्त गच्चीवर चढवू नका. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो जादा भार धरून केलेला असतो, आणि अडीच फूट पाण्याचा भार होतो साडेसातशे किलो. गच्चीवर असे पूल लावलेले फोटो लोक मला कौतुकाने पाठवतात. मी लगेच फोन करून पाणी सोडायला लावतो.

मग करायचे काय? तुमच्यासाठी माझे उत्तर आहे हौद. जुना शब्द आहे म्हणून कमी समजू नका. आरसीसीचा (सळई घातलेल्या काँक्रीटचा), अर्धा जमिनीत आणि अर्धा वर, आतून २० फूट बाय १२ फूट, पाणी साडेतीन फूट. तुमच्या वडिलांना त्यात पोटापर्यंत पाण्यात इकडून तिकडे चालता येईल, मुलांना हात-पाय मारता येतील. खोल बाजू-उथळ बाजू असा प्रकार घरच्या टाक्यात नको, तळ एकसारखा ठेवा. सूर मारायला मात्र सगळ्यांनाच बंदी. साडेतीन फुटांत डोके आपटले की मान मोडते. विहिरीत उड्या मारून शिकलेल्या मोठ्या माणसांना हे मुलांपेक्षा जास्त वेळा सांगावे लागते.

अर्धा वर का, तर काळ्या मातीशी गाठ कमी पडते, आणि दोन-पावणेदोन फुटांचा कठडा आपोआप मिळतो. पावसाचे गढूळ पाणी आत येत नाही, बेडूक-विंचू कमी पडतात, वडिलांना कठड्यावर बसून पाय आत घेता येतात. खोदाई मात्र मुरमापर्यंत न्यायची, वरचे बूड कितीही उथळ असले तरी. मधली काळी माती पूर्ण काढून मुरूम थराथराने पाणी मारून ठोकायचा, त्यावर कोबा, त्यावर सळईचा तळ. भिंतीमागे दोन फूट मुरूमच. तळ आणि भिंतीच्या सांध्यात पीव्हीसीची पाणी अडवणारी पट्टी घालायला लावा. मिस्त्री "काही गरज नाही" म्हणेल, तरी लावा. काँक्रीट एम ३० प्रतीच्या खाली नको, आणि भिंतीची सळई इंजिनिअरकडून काढून घ्या: मागे माती नाही असे धरून, आणि टाके रिकामे असताना बाहेरून माती रेटते आहे असेही धरून. या दोन ओळी त्याला तशाच वाचून दाखवा.

आता हौदच का, हे पाण्याकडून सांगतो. २० बाय १२ बाय साडेतीन म्हणजे जवळपास २४ हजार लिटर. तुमची बाग दोन एकर. सहा बाय सहा मीटरवर लावली असेल तर सव्वादोनशेच्या आसपास झाडे. मोठ्या झाडाला मे महिन्यात दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी लागते. म्हणजे पूर्ण हौदाचे पाणी तुमच्या बागेचे एका दिवसाचे पाणी आहे! ते विहिरीतून असेही काढणारच आहात. ते थेट झाडाला न जाता हौदातून जाऊ द्या. दोन दिवस त्यात पोहा, तिसऱ्या दिवशी बागेला सोडा, पुन्हा भरा. हौद बागेच्या चढाच्या बाजूला बांधला तर वरचे पाणी आपसूक उतरते, खालचे ठिबकच्या मोटरने ओढा. वरुड-मोर्शी पट्ट्यात जमिनीखालच्या पाण्याचा उपसा किती झाला आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. नुसत्या पोहण्यासाठी पाणी काढणे तिथे मला पटत नाही, या पद्धतीत वेगळे पाणी लागतच नाही.

पण यात एक मेख आहे: तुम्ही बहार (फुलोऱ्याचा हंगाम) कोणता घेता? आंबिया घेत असाल तर ताण (फुलोऱ्यासाठी झाडांचे पाणी तोडणे) डिसेंबर-जानेवारीत होऊन जातो आणि उन्हाळाभर बागेला पाणी चालू असते, हिशेब बरोबर बसतो. मृग घेत असाल तर नेमक्या मे महिन्यात बाग ताणावर. भाचे पाण्यात आणि झाडे कोरडी ठेवायची! तेव्हा ते पाणी सोडायचे कुठे? चुकून बागेत गेले तर ताण मोडेल आणि बहाराचे नुकसान होईल. मृगवाल्यांनी एकतर भाजीपाला, चारा, घरची आंबा-लिंबाची झाडे यांचा हिशेब करावा, किंवा सरळ फिल्टर बसवून पाणी फिरते ठेवावे.

फिल्टरचा हिशेब सोपा आहे. सगळे पाणी सहा ते आठ तासांत एकदा वाळूच्या फिल्टरमधून गेले पाहिजे. २४ हजार लिटरला ताशी तीन-चार हजार लिटर, म्हणजे लहान सिंगल फेज मोटर पुरते. ती घरच्या मीटरवर घ्या. शेतीच्या कनेक्शनवर घरची कामे चालवायची नसतात, आणि शेतीची थ्री फेज लाइन पाळीने येते, रात्रपाळी आली की मध्यरात्री उठून फिल्टर कोण लावणार? ओढीचे तोंड तळाला एकच ठेवू नका, दोन ठेवा, एकमेकांपासून लांब, वर जाळीचे झाकण. एकाच तोंडावर लहान मुलाचे केस किंवा पोट ओढले गेले तर मोठ्या माणसाच्या जोरानेही सुटत नाही. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) याशिवाय मोटर चालू करायची नाही. आत दिवा हवा असेल तर १२ व्होल्टचाच.

हौदाचे पाणी दोन दिवसांनी बदलले तरी औषध लागतेच. मे महिन्यात उन्हात उभे पाणी चांगलेच तापते, आणि कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्यात नाकावाटे शिरणारा मेंदूज्वराचा अमिबा असू शकतो. केरळात त्याने माणसे गेली आहेत. क्लोरीन एक ते तीन पीपीएमच्या मध्ये हवे, म्हणजे लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम. तुमच्या हौदाला ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम टाकली की साधारण दोन पीपीएम होते. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणीच हौदात फिरवायचे, संध्याकाळी. दुपारच्या उन्हात क्लोरीन तासा-दोन तासांत उडून जाते. सकाळी क्लोरीन मोजायची ओटीची चाचणी करा, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची करतो तीच. एवढ्या क्लोरीनने संत्र्याला काही होत नाही. ठिबकच्या नळ्या धुवायला आपण याहून कडक देतो.

इथे एका नावाच्या घोळाबद्दल जपा. पुलाच्या दुकानात टीसीसीए नावाच्या गोळ्या मिळतात. टीसीएल आणि टीसीसीए, दोन्ही क्लोरीनच, म्हणून एकाच डब्यात ठेवतात किंवा एकाच बादलीत टाकतात. एकत्र ओल्या झाल्या की विषारी वायू निघतो, पेट घेतात, डबा फुटतोही. एकच काहीतरी वापरा, आणि दुसरे घरात आणूच नका. मोरचूदही हात आखडून. फवारणीचा बोर्डो करायला घरात असतेच, म्हणून लोक शेवाळाला मूठभर टाकतात; मग टाइलवर हिरवे-काळे डाग आणि मुलींचे केस हिरवट. बोरचे पाणी असेल तर पहिल्यांदा क्लोरीन टाकताच ते चहासारखे तांबूस होऊ शकते. त्यात लोह असते, औषध खराब आहे असे समजून फेकू नका.

पाणी कमी होते म्हणून दर उन्हाळ्यात मला फोन येतात. मे महिन्यात, गरम वारा असताना, दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसते उडून जाते. तुमच्या हौदाला ते एका ड्रमाहून थोडे जास्तच, रोज. गळती आहे की बाष्पीभवन हे कळायला हौदाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, निम्मी बुडेल अशी. बादलीच्या आतल्या पाण्याला आणि बाहेर हौदाच्या पाण्याला खूण करा. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारखे उतरले तर ऊन प्यायले. बाहेरचे जास्त उतरले तर मला बोलवा. वर हिरवी नेट ताणली की उडणे कमी होते आणि पाणीही कमी तापते. निंबाच्या सावलीचा मोह होतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ आणि त्यामागून फुलोरा, दोन्ही पाण्यातच. नेट बरी.

पायऱ्या रुंद करा, वडिलांचे पूर्ण पाऊल टेकेल एवढ्या, आणि एका बाजूला धरायला स्टीलचा दांडा. भोवती चार फुटांचे कुंपण, दार आपोआप लागणारे, कडी वर. कठडा उंच आहे म्हणून कुंपण टाळू नका. खुर्ची ओढून वर चढणारी तीन वर्षांची पोर मी पाहिली आहे. लहान मूल बुडताना ओरडत नाही, पाच पावलांवर बसलेल्यालाही कळत नाही.

मिठाच्या पुलाची जाहिरात तुमच्यापर्यंत आली असेल. त्यातही यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवते, आणि ते खारे पाणी शेवटी तुमच्याच बागेत जाणार. संत्र्याच्या माणसाने तिकडे बघूही नये.

खोदाई दिवाळीनंतर घ्या. काळी माती तेव्हा ना चिखल ना दगड. काँक्रीट डिसेंबर-जानेवारीत पडले तर उन्हाने करपत नाही, तरी बारदाना ओला ठेवून किमान दोन आठवडे पाणी मारायचेच. फेब्रुवारीत टाइल आणि भिंतीमागचा मुरूम टाकण्याआधी भरून आठवडाभर बघा, बादली ठेवून. मार्चअखेर वडिलांना पाण्यात उतरवता येईल. एप्रिल संपता संपता फोन करून "पंधरा दिवसांत पायजे, पाव्हणे येऊन राह्यले" म्हणणारे दरवर्षी दोन-चार असतात. त्यांना मी फ्रेमचा पूल घ्यायला सांगतो.